दाखल क्रमांक ०३२३३

(टिटवाळ्यातील वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या ग्रंथपाल काकांची एक सवय इथल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. मागितलेलं पुस्तक वाचनालयात नसलं तरी ते ‘नाही’ म्हणून मोकळे होत नसत. ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढायचे, त्यावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहायचे आणि खाली नोंद करायचे, ‘आपल्याकडे नाही. कल्याणला आहे.’ कधी ‘ठाण्याला’, कधी ‘मुंबईत, तिथेच बसून वाचावं लागेल’. ही कार्डं ते वेगळ्या खोक्यात ठेवत. आपल्या वाचनालयात नसलेल्या पुस्तकांची ती सूची होती. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते तेव्हा त्या खोक्याने मला कितीदा तरी वाट दाखवली. आजचा माझा विषय कासवांचा आहे, पण मनात तेच खोकं आहे.

समुद्री कासवांवर बोलायला टिटवाळ्यात कशाला यायचं, असं कुणाला वाटेल. इथे गणपतीचं देऊळ आहे, तळं आहे, काळू नदी आहे; समुद्र कुठे आहे? पण काळू उल्हासला मिळते आणि उल्हास खाडीतून समुद्राला. शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणूपर्यंतचा सगळा किनारा आपल्याच जिल्ह्याचा होता. आपण ज्या जिल्ह्यात वाढलो त्याच्या वाळूत कासवं अंडी घालत आली आहेत. म्हणून जुन्या कागदांत कासवं शोधायची तर सुरुवात ‘ठाणे’ या शब्दापासून करण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे शेजारच्या मांड्याची एक विद्यार्थिनी आली. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, प्रकल्प समुद्री कासवांवर होता. तीस-चाळीस पानं तिने मोबाइलवरून छापून आणली होती. पहिल्याच पानावर वाक्य होतं : हजार पिल्लांतलं एकच पिल्लू मोठं होतं.

मी विचारलं, ‘हे कुणी मोजलं?’

‘मॅडम, सगळीकडे हेच लिहिलंय.’

‘सगळीकडे म्हणजे कुठे? पहिल्यांदा कुणी लिहिलं?’

ती गप्प झाली. मीही गप्प झाले, कारण मलाही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी हे वाक्य वर्गात सांगत होते.

मग आम्ही दोघी त्या आकड्याच्या मागे लागलो. एका लेखात दुसऱ्या लेखाचा हवाला, त्यात तिसऱ्याचा, आणि काही ठिकाणी वाट तिथेच बंद. बऱ्याच दिवसांनी एका निबंधाचं नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं : नॅट फ्रेझर, १९८६, ‘हर्पेटॉलॉजिका’ हे नियतकालिक. तो निबंध मिळवून वाचला आणि दोघी चकित झालो. फ्रेझर यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या लिटल कंबरलँड बेटावरच्या कासवांचा हिशेब मांडला होता. ती कासवं लॉगरहेड जातीची. आपल्या कोकणात घरटी करणारी ऑलिव्ह रिडले नव्हेत. त्या बेटावरच्या कासवांची संख्या तेव्हा घटत होती. आणि हिशेब अंड्यापासून प्रौढ वयापर्यंतचा होता, पिल्लापासूनचा नव्हता. त्यांचं उत्तर हजार अंड्यांमागे साधारण एक ते दोन असं येतं. म्हणजे एका जातीचा, एका बेटाचा, एका पडत्या काळाचा आकडा. तो प्रवास करत करत जगातल्या सगळ्या कासवांचा झाला, वाटेत अंड्याचं पिल्लू झालं, आणि तसाच माझ्या फळ्यावर येऊन बसला.

फ्रेझर यांची यात काहीच चूक नाही. त्यांनी जे मोजलं ते मर्यादेसह लिहिलं. मर्यादा आपण गाळली, कारण मूळ कागदापर्यंत कुणी गेलंच नाही. त्या मुलीच्या प्रकल्पातलं हे सगळ्यात मोलाचं पान ठरलं, आणि त्यात कासव प्रत्यक्ष पाहण्याचा भाग एवढासाही नव्हता. आधी वाचनालयातच जावं लागलं.

आता असा कागद मिळवायचा कसा, ते सांगते, कारण इथे विद्यार्थी बसले आहेत. फ्रेझर यांचा निबंध आम्हाला जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात सापडला. तिथे आपलं नाव नोंदवलं की दर महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचता येतात. सरकारी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आहे, तिची चौकशी आपल्या ग्रंथपालांकडे करा. भारतातल्या पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला नम्रपणे पत्र लिहा. शास्त्रज्ञ माणसं आपला निबंध वाचायला मागणाऱ्याला बहुधा नाही म्हणत नाहीत. एवढं पुरे. खरी अडचण याच्या पुढे आहे.

ती अडचण नावांची आहे. ऑलिव्ह रिडलेचं आजचं शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया. हे नाव टाकून शोधलं की अलीकडचं सगळं येतं आणि जुनं जवळजवळ काहीच येत नाही. एश्शोल्त्स यांनी १८२९ मध्ये मनिलाच्या उपसागरातल्या कासवावरून या जातीचं वर्णन केलं तेव्हा नाव दिलं होतं केलोनिया ऑलिव्हेसिया. माल्कम स्मिथ यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’मधला सरपटणाऱ्या प्राण्यांचा पहिला खंड १९३१ चा, त्यात हेच कासव कॅरेटा कॅरेटा ऑलिव्हेसिया म्हणून येतं, म्हणजे लॉगरहेडची एक उपजात म्हणून. त्यामुळे जुन्या भारतीय नोंदींत जिथे ‘लॉगरहेड’ लिहिलंय तिथे पुष्कळदा ऑलिव्ह रिडलेच असतं. एखाद्याने त्या नोंदी जशाच्या तशा उचलल्या तर आपल्या किनाऱ्यावर नसलेली लॉगरहेडची घरटी कागदावर तयार होतील. लेदरबॅक हवं असेल तर डर्मोकेलिसबरोबर स्फार्गिस हे जुनं नावही शोधायला हवं.

गावांची नावंही तशीच. जुन्या इंग्रजी कागदांत ठाणे नाही, ‘ठाना’ आहे; वसई नाही, ‘बसीन’ आहे. रायगड शोधाल तर १९८१ च्या आधी तो सापडणार नाही, तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. वेंगुर्ले, मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात. माझ्या विद्यार्थिनीने सिंधुदुर्गातल्या नोंदी शोधण्यात एक अख्खी दुपार घालवली आणि हाती काही लागलं नाही. ‘रत्नागिरी’ लिहिल्याबरोबर पानं उघडली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड चाळताना हे ध्यानात ठेवा : रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. उत्पादनाचं प्रकरण उघडून प्राण्यांचा आणि मासेमारीचा भाग ओळीने वाचावा लागतो. अनुक्रमणिकेवर विसंबू नका.

आणि तिसरी गोष्ट, कपाटाची. ग्रंथ-वर्गीकरणाच्या ड्यूई पद्धतीत आज कासवं ५९७.९२ खाली येतात, पण जुन्या आवृत्त्यांत सरपटणारे प्राणी ५९८.१ खाली होते. जी वाचनालयं जुनी पुस्तकं नव्याने वर्गीकृत करू शकली नाहीत, आणि कुणाकडे एवढी माणसं असतात, तिथे एकाच प्राण्यावरची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरलेली असतात. त्यापलीकडे एक कपाट आहे जिथे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी कधी जात नाहीत : मत्स्यव्यवसायाचं, ६३९ चं. समुद्री कासव हे आपल्याकडे १९७० च्या दशकापर्यंत मासळीसारखंच पकडायचं आणि विकायचं जनावर होतं. ज्यांनी त्याच्यावर सगळ्यात आधी आकडेमोड केली ते मासळी मोजणारे लोक होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८४ मध्ये समुद्री कासवांवरच्या कार्यशाळेतले निबंध छापले, ई. जी. सायलस यांच्या संपादनाखाली. त्या संस्थेचं जुनं प्रकाशित साहित्य आज तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. आपल्याला मात्र ते ठाऊक नसतं, कारण आपण ‘वन्यजीव’ या कपाटाशीच उभे राहतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर पाया घालणारं एक काम आवर्जून वाचा. वरद गिरी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कासवांची पाहणी केली. तिच्यावरचं त्यांचं आणि नरेश चतुर्वेदी यांचं प्रकरण कार्तिक शंकर आणि बी. सी. चौधरी यांनी संपादित केलेल्या २००६ च्या ग्रंथात आहे. कार्तिक शंकर यांचंच २०१५ चं पुस्तक आहे, भारतीय किनाऱ्यावरच्या कासव-संवर्धनाचा इतिहास सांगणारं; कासव एके काळी सूप होऊन वाटीत जात होतं ते आज सगळ्यांच्या कौतुकाचं कसं झालं, याची गोष्ट. सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतं, आणि त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर पानोपान पाहता येतात. टिटवाळ्याहून पहाटेची लोकल धरून सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसला जाणं मला आजही आवडतं, पण जिला एका दिवसाचा खाडा परवडत नाही तिच्यासाठी ही केवढी सोय आहे! मराठीत सुरुवात करायची तर विश्वकोशातली ‘कासव’ ही नोंद वाचा, पण तिच्यावर थांबू नका.

थांबू नका म्हणते त्याला कारण आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या छापील पानांत हिरवं कासव ‘संकटग्रस्त’ होतं. तिने प्रकल्प दिला तेव्हा ते बरोबरच होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संघटनेने हिरव्या कासवाला जागतिक पातळीवर ‘किमान चिंता’ या वर्गात आणलं, कारण कित्येक दशकांच्या संरक्षणाने त्याची संख्या सावरली. ऑलिव्ह रिडले अजून ‘असुरक्षित’ आहे आणि हॉक्सबिल तर अतिसंकटग्रस्त. जुनं पुस्तक खोटं ठरत नाही, पण त्याच्यावरची तारीख वाचल्याशिवाय त्याला साक्षीला उभं करू नये.

आता दोन गोष्टी सांगते, दोन्ही नोंदी जपण्याच्या.

पहिली मेक्सिकोची. केम्प्स रिडले नावाचं एक कासव आहे, आपल्या ऑलिव्ह रिडलेचं सख्खं भावंड. ते अंडी कुठे घालतं, हे आर्ची कार यांच्यासारख्या कासवांना आयुष्य वाहिलेल्या माणसालाही वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. किनारे पालथे घातले, कोळ्यांना विचारलं, काही नाही. आणि उत्तर एका फिल्मच्या रिळात होतं. आंद्रेस हेरेरा या मेक्सिकन गृहस्थांनी १८ जून १९४७ ला रांचो नुएव्होच्या किनाऱ्यावर भरदिवसा हजारो कासवं वाळूवर चढताना चित्रित केली होती. त्या एका दिवशी सुमारे ४० हजार माद्या असाव्यात असा अंदाज पुढे केला गेला. ती फिल्म तशीच पडून राहिली. हेन्री हिल्डब्रँड यांच्या हाती ती लागली आणि १९६१ मध्ये त्यांनी ती शास्त्रज्ञांच्या सभेत दाखवली. मधली चौदा वर्षं! त्या काळात अंडी गोळा करणं चालूच होतं, आणि जग शोधत होतं तो किनारा कुणाच्या तरी घरात रिळावर गुंडाळलेला होता. त्या फिल्मचं एक कार्ड कुणी कुठे लावलं असतं तर?

दुसरी आपल्या गुहागरची, आणि ताजी. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती. तिच्यावर क्रमांक होता ०३२३३. ती पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात, गहिरमाथ्याच्या बाजूला लावलेली होती. पूर्व किनाऱ्यावरची मादी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर कोकणात येऊन घरटं करते, हे त्या दिवशी कळलं. त्याआधी कोकणातल्या माद्यांना उपग्रहाची यंत्रं लावली होती : २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’, आंजर्ल्याला ‘सावनी’, २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. बागेश्री तर श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली होती. पण ०३२३३ ची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तिच्याजवळ यंत्र नव्हतं, बॅटरी नव्हती. पाच आकडे होते, आणि ओडिशात एक नोंदवही होती जिच्यात ते आकडे लिहिलेले होते. ती वही गहाळ झाली असती तर गुहागरला पत्र्याचा एक तुकडा सापडला असता, बस.

ग्रंथालयात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. याला आपण दाखल क्रमांक म्हणतो. पुस्तकाच्या पानावर शिक्का मारून लिहिलेला आकडा आणि दाखल नोंदवहीतली त्याच आकड्याची ओळ. दोन्ही असतील तरच पुस्तक कुठून आलं ते सांगता येतं.

आता वेळासला या. मंडणगड तालुक्यातलं हे गाव आज सगळ्यांना माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत असताना तिथल्या कासवांच्या घरट्यांकडे वळली. अंडी चोरीला जात होती. गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात झाली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पुढे कोकणभर गावोगाव कासवमित्र उभे राहिले. असा कासवमित्र नोव्हेंबरपासून रोज पहाटे किनारा चालतो, वाळूवरचे माग ओळखतो, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरट्यापर्यंत पोचतो, अंडी मोजून हॅचरीत हलवतो आणि वहीत लिहितो : घरटं मिळाल्याची तारीख, अंडी किती, पिल्लं बाहेर आल्याची तारीख, पिल्लं किती.

ही वही म्हणजे काय, ते नीट पाहा. घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त. तापलेल्या वाळूत अंडी लवकरही फुटतात. म्हणजे ज्या वहीत फक्त दोन तारखा आहेत, अंडी ठेवल्याची आणि पिल्लं निघाल्याची, तिच्यातून त्या किनाऱ्याच्या वाळूची वीस वर्षांची ऊब वाचता येते. ना तापमापक, ना प्रयोगशाळा. पंचावन्न दिवसांचे पन्नास झाले का, एवढं पाहायचं. जगातलं कुठलंही ग्रंथालय वेळासच्या, आंजर्ल्याच्या, वायंगणीच्या वाळूबद्दल हे सांगू शकणार नाही. ते फक्त त्या वह्यांत आहे, मराठीत, बॉलपेनने लिहिलेलं.

आणि वह्या भिजतात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ ची. आपल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाचीही १८६४ चीच. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन वाचनालयं, आणि दोन्ही गावांनी पूर पाहिला. २६ जुलै २००५ आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. चिपळूणवर ती वेळ २२ जुलै २०२१ ला पुन्हा आली आणि वाचन मंदिरातली किती तरी पुस्तकं पाण्याखाली गेली. त्यानंतर मी रात्रभर एकच विचार करत होते : किनाऱ्यावरच्या कौलारू घरांत फळीवर ठेवलेल्या त्या वह्यांचं काय? त्यांची प्रत कुठे आहे? कुठल्या कार्डावर त्यांचं नाव आहे?

आणखी एक कागद सांगते. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि कोळ्याने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो आणि तपशील द्यावा लागतो. भरपाईसाठी केलेला प्रत्येक अर्ज ही एका खऱ्या प्राण्याची, ठिकाणासकटची नोंद आहे. आपल्या किनाऱ्यावर सहसा घरटं न करणारी हिरवी कासवं, एखादं लेदरबॅक, हे सगळं तिथे सापडू शकेल. सरकारी फायलीत आहे म्हणून ते शोधसाहित्य नाही, असं समजू नका.

इथून दरवर्षी किती तरी कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये वेळासला जातात. मुलांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवतात, फोटो काढतात. फार चांगलं. माझी विनंती एवढीच की येताना तिथल्या कासवमित्राला एक प्रश्न विचारून या : दादा, तुमच्या वह्या कुठल्या सालापासूनच्या आहेत आणि कुठे ठेवल्यात? त्यांनी परवानगी दिली तर पानांचे फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि मूळ वही त्यांच्याकडेच राहू द्या, ती त्यांची आहे. आणि इथे येऊन एक कार्ड लिहा.

काकांचं खोकं वाचनालयाने जपलं आहे. कार्यकारिणीने माझी विनंती मान्य केली आणि ते आजपासून बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे, शेजारी कोरी कार्डं आणि पेन. पहिलं नवं कार्ड माझ्या विद्यार्थिनीने सभा सुरू होण्याआधीच लिहिलं. मी ते वाचून दाखवते आणि थांबते.

‘फ्रेझर, नॅट. १९८६. हर्पेटॉलॉजिका. लॉगरहेड, जॉर्जिया. आपल्याकडे नाही. जेस्टोरवर आहे. आकडा अंड्यांचा आहे, पिल्लांचा नाही.’